अम्मीनं धरलेली जागा

मागच्या महिन्यात यवतमाळच्या एका कॉलेजातली मुलगी माझ्या घरी आली होती. तिला प्रबंध लिहायचा होता आणि त्यासाठी एक छापील फॉर्म भरून हवा होता. मुस्लीम महिला एकट्यानं प्रवास करायचा की नाही हे कशावरून ठरवतात, असा विषय. खाली चौकटी होत्या. धर्म, घरच्यांची परवानगी, पैसा, सुरक्षितता, शिक्षण, तब्येत. लागू असेल तिथे खूण करायची. माझा पत्ता तिनं मुद्दाम शोधला होता, कारण वणीहून मारेगावच्या शाळेत मी सोळा वर्षं रोज एकटी जाते-येते, आणि आमच्या मोहल्ल्यात अशा बायका बोटांवर मोजण्याएवढ्या.

मी तासभर बोलले. मला बोलायला आवडतं, त्यात समोरचा लिहून घेत असला तर विचारूच नका. बायकांनी कसं बाहेर पडलं पाहिजे, घरच्यांनी कसं पडू दिलं पाहिजे, सगळं सांगितलं. पोरगी मान डोलावत होती. शेवटी पेनाचं टोपण लावता लावता तिनं सहज विचारलं, "आणि तुमच्या आई? त्या जातात का एकट्या कुठे?"

"नाही," मी म्हटलं.

"का बरं?"

"गुडघे."

तिनं 'तब्येत' या चौकटीत खूण केली, चहा घेतला आणि गेली. मी कप विसळले. अम्मीचे गुडघे दुखतात हे खरं आहे, पण ती एकटी प्रवास का करत नाही याचं कारण गुडघे नव्हेत. खरं कारण मला पक्कं माहीत आहे. त्याची चौकट फॉर्मवर नव्हती, आणि असती तरी मी तिच्यात खूण केली नसती. एवढी हिंमत माझ्यात नाही. लिहिताना समोर कुणी बसलेलं नसतं, म्हणून इथे लिहिते.

अम्मी दारव्ह्याला माझ्या धाकट्या भावाकडे राहते. तिचं माहेर जवळच्याच एका खेड्यातलं. तिथे मुसलमानांची चारच घरं, त्यामुळे तिची जीभ पक्की वऱ्हाडी. अरबी ती वाचते पण तिला कळत नाही, मराठी कळते पण वाचता येत नाही. अब्बा गेल्यापासून तिचं माझ्याकडे येणं भावाच्या सवडीवर आलं. भाऊ वाईट नाही. त्याचं टायरचं दुकान आहे आणि दुकान सोडवत नाही. "पुढच्या जुम्म्याले नेतो ना अम्मी," असं तो म्हणायचा आणि जुम्मे येऊन जायचे.

आमच्या घरात बाई कुठे निघाली की का चालली हे कुणी विचारत नाही. एकच प्रश्न असतो: "संग कोण हाये?" उत्तरात नवरा, भाऊ किंवा मुलगा आला की चपला घालायच्या. नाही आला की पिशवी परत खुंटीला.

मी या प्रश्नातून सुटले ते अम्मीमुळे. बारावीनंतर यवतमाळला डी.एड.ला नंबर लागला तेव्हा अब्बांनी पेपर खाली ठेवून तोच प्रश्न केला. स्वयंपाकघरातून अम्मी म्हणाली, "मी हाओ ना संग." आणि खरंच आली. पहिला आठवडा ती रोज माझ्यासोबत यवतमाळला यायची, माझं कॉलेज सुटेपर्यंत स्टँडच्या बाकावर बसायची आणि माझ्यासोबत परत यायची. दुसऱ्या आठवड्यात ती दारव्ह्याच्या स्टँडपर्यंतच आली. तिसऱ्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. अब्बांच्या लक्षात आलं तोवर त्यांना माझ्या एकटीच्या जाण्याची सवय झाली होती. माझी नोकरी, माझा पगार, मला लोक 'उदाहरण' म्हणतात ते, सगळं त्या बाकावरून आलेलं आहे.

आणखी एक गोष्ट तिनं मला शिकवली. मी सहा-सात वर्षांची असताना एका लग्नात अम्मीचा बुरखा समजून भलत्याच बाईचा बुरखा धरला आणि तिच्यामागे पार मशिदीपर्यंत गेले. सापडल्यावर अम्मी रागावली नाही. म्हणाली, "तोंड कायले पाह्यतं? तोंड तं झाकूनच राहते. पाय पाह्य." तेव्हापासून मी पाय पाहते. चपलेचा पट्टा, टाचेची झीज, कोण कुठला पाय आधी टाकते. आमच्या सगळ्याच बायकांना हे येतं. बुरख्यांनी भरलेल्या मांडवात आम्ही एकमेकींना चुकत नाही.

तर एसटीत बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं आणि मी अम्मीच्या मागे लागले. रोज फोनवर एकच टुमणं. अम्मी, एकटी ये. भावाची वाट नको पाहू. दारव्ह्याहून यवतमाळ, यवतमाळहून वणीची गाडी, दोनच तर गाड्या. त्यातली साडेपाचला मारेगावला येणारी गाडी माझीच, मीही तिनंच घरी जाते. महिला दिनाला शाळेत मी याच विषयावर भाषण ठोकलं होतं आणि टाळ्याही घेतल्या होत्या. वणीत बसून दारव्ह्याच्या बाईला चालवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, पण ते तेव्हा कळत नव्हतं.

अम्मीच्या अडचणी साध्या होत्या. गाडीवरची पाटी वाचता येत नाही. मी म्हटलं, विचारायचं. स्टँडवरच्या संडासात जाववत नाही. मी म्हटलं, पाणी कमी पी. हा सल्ला मी स्वतः सोळा वर्षं पाळते आहे, त्यामुळे त्यात काही वाईट आहे असं मला वाटलंही नाही. मग घोडं पेंड खाऊ लागलं ते दीनापाशी, म्हणजे धर्मापाशी. आमच्यात अठ्ठेचाळीस मैलांच्या पुढे गेलं की तो सफर होतो, आणि सफरीला बाईसोबत महरम हवा. महरम म्हणजे नवरा, किंवा ज्याच्याशी लग्न होऊच शकत नाही असा घरचा पुरुष. अम्मी दीनाची पक्की आहे. कुणी नियम मोडून टाक म्हटलं म्हणून मोडणारी ती बाई नाही. आठ दिवस तिनं विचार केला आणि एका संध्याकाळी फोन केला.

"दारव्हा ते यवतमाळ त्याच्या आत बसते," ती म्हणाली. "मी तितलंच तिकीट काढीन. यवतमाळहून मधातल्या करंजीपर्यंत काढीन. तेही बसते. करंजीले उतरून पाय टेकवीन अन् पुढचं काढीन. सफर कुठं करून राह्यली मी? मी तं गावोगाव जाऊन राह्यली."

मौलानांनी ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. मी पोट धरून हसले. वकील व्हायला हवी होती ही, असं वाटलं. कोणत्या दिवशी निघणार ते मात्र तिनं सांगितलं नाही.

मग तिनं आवाज खाली आणून विचारलं, "नकाब लावू का नुस्ती ओढणी घेऊ? आजकाल लोकं कसे पाह्यतात, मले काही समजत नाही."

"तुले बरं वाटंन तसं ये," मी म्हटलं. "कोणाच्या बापाचं काय जाते?"

हे मी म्हटलं होतं. माझ्याच तोंडानं.

मी स्वतः बुरखा घालत नाही. म्हणजे वणी-मारेगावच्या रस्त्यावर घालत नाही. दारव्ह्याला जाताना यवतमाळच्या स्टँडवर पिशवीतून काढून घालते आणि येताना तिथेच घडी करून ठेवते. याचं मला कधी काही वाटलं नाही. ज्या गावी जावं तिथला रिवाज, एवढंच.

शाळेतली एक मॅडम माझ्या रोजच्या सोबतीची. माझ्याच वयाची. आमचे डबे एकत्र उघडतात. माझी मुलगी आजारी होती तेव्हा पंधरा दिवस तिनं माझे तास घेतले आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. ती वाईट बाई नाही, हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर दोष तिच्यावर ढकलून मी मोकळी होईन. तिला एक सवय आहे. आमच्या लोकांबद्दल काही बोलली की लगेच माझ्या दंडाला हात लावून म्हणते, "तुमचं नाही हं मॅडम. तुम्ही तर वाटतच नाही." काय वाटत नाही, ते आम्ही दोघींनी कधी उच्चारलं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बोचलं असेल, आता आठवत नाही. पुढे पुढे ते ऐकायला मला आवडू लागलं. खरं लिहायचं तर मी त्या वाक्यावर जगत होते.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यातली गोष्ट. कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरलेला, साडेपाचची गाडी पावणेसहा झाले तरी नव्हती. मारेगावच्या स्टँडवर आम्ही चौघी मास्तरणी उभ्या होतो. मॅडमनं मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा शहरात म्हणे बुरख्याच्या आडून बाई चोरीचा माल नेत होती. चौघी हसलो. मीही हसले. मॅडमनं माझ्या दंडाला हात लावला, "तुमचं नाही हं." मी म्हटलं, "मला माहीत आहे." आणि गाडी आली.

गाडीत गर्दी होती. मॅडम पुढे, मी तिच्या मागे. दारापासून चौथ्या सीटवर खिडकीशी एक बुरखेवाली बाई बसली होती. काळा बुरखा, तोंडावर नकाब, फक्त डोळे. शेजारच्या जागेवर तिनं मोठी निळी पिशवी ठेवली होती आणि पिशवीवर हात. माणसं उभी होती आणि ती जागा तिनं धरून ठेवली होती.

सवयीनं माझी नजर खाली गेली. मरून रंगाच्या, चिकटपट्टीच्या, जाड तळाच्या चपला. गुडघ्यांसाठी डॉक्टरनं सांगितलेल्या. रमजान ईदला वणीच्या बाजारात तीन दुकानं फिरून मीच घेतल्या होत्या.

मी वर पाहिलं. अम्मी माझ्याकडेच बघत होती. डोळे हसत होते. नकाबाच्या वर फक्त डोळेच दिसतात, त्यामुळे ते हसू मला जरा जास्तच दिसलं.

"ओ चाची, पिशवी उचला ना," मॅडम म्हणाली. "तिकीट काढलं का तिचं?"

आमच्यातल्या दोघी हसल्या. मागून कुणी तरी म्हणालं, करंजीपासून अडवून ठेवली आहे, कुणाला बसू देत नाही.

"बसणारी येऊन राह्यली," अम्मी म्हणाली.

"कुठे आहे? कोण आहे?"

अम्मीनं पिशवीवरचा हात उचलला. माझ्याकडे दाखवायला तो हात वर येत होता, मेंदी उतरलेली नखं मला दिसत होती. मला अर्धा क्षण मिळाला होता. "माझी आई आहे" हे तीन शब्द. पोरांच्या पहिलीच्या पुस्तकात असतात तसले शब्द. माझ्या डोक्यात काय आलं ते लिहिते: आता हिला कळेल की मी वाटते.

मी नजर वळवली. ड्रायव्हरच्या मागच्या जाळीकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हटलं, "चला मॅडम, मागे आहे जागा."

मागे जागा नव्हती. अम्मीचा हात तिथेच थांबला आणि खाली आला. तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकली.

"बसा," ती मॅडमला म्हणाली.

माझ्यासाठी करंजीपासून धरलेल्या जागेवर मॅडम बसली. मी मागे जाऊन दांडीला लोंबकळत उभी राहिले. मारेगाव ते वणी जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. कोळशाच्या ट्रकांमुळे त्याचा पाऊण तास होतो. त्या पाऊण तासात मी सतरा वेळा ठरवलं की आता पुढे जाते, आता हाक मारते. गाडी हलत होती, माणसं मध्ये होती, मॅडमचं डोकं दिसत होतं आणि त्याच्या पलीकडे काळ्या कापडाचा थोडा भाग. मी हलले नाही. कुणी मला धरून ठेवलं नव्हतं.

वणीच्या अलीकडच्या नाक्यावर मॅडम आणि बाकीच्या दोघी उतरल्या. मॅडमनं खालून मला हात हलवला. मीही हलवला. गाडी स्टँडला लागली, माणसं उतरली, आणि सगळे उतरून गेल्यावर मी पुढे गेले. अम्मी पिशवी घेऊन पायरीवरून एक एक पाय टाकत उतरत होती.

"अम्मी?" मी म्हटलं. "तू? मले तं वळखूच आलं नाही."

मला पाय पाहायला तिनंच शिकवलं होतं. चपला मीच घेतल्या होत्या. इतकं उघडं खोटं मी तिच्याशी लहानपणीसुद्धा बोलले नव्हते. ती थांबली. एकदा स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नकाबात कशी वळखू येईन माय," ती म्हणाली, आणि पिशवी माझ्या हातात दिली.

घरी आल्यावर तिनं सगळ्यांना प्रवास सांगितला. माझा नवरा आणि मुलगी समोर बसून ऐकत होते. यवतमाळच्या स्टँडवर ती दुपारी एकलाच पोचली होती. त्यानंतर वणीच्या दोन गाड्या सुटल्या, पण त्या गाड्यांनी आली असती तर मी भेटले नसते, म्हणून ती बसून राहिली. त्याच बाकावर, ती म्हणाली, आता रंग बदलला आहे. सकाळपासून तिनं पाणी प्यायलं नव्हतं. प्रत्येक गाडीच्या कंडक्टरला ती विचारत होती, ही मारेगावले साडेपाचले जाते का. करंजीला तिनं खरंच उतरून जमिनीवर पाय टेकवले, दुवा केली, परत चढली आणि दुसरं तिकीट मागितलं. कंडक्टर म्हणे, आजी, येडी झाली का, आधीच वणीचं काढायचं ना. पिशवीतून गुलगुल्यांचा डबा निघाला. माझी मुलगी हसून हसून लोळत होती.

"अन् मारेगावले अम्मी भेटलीच असंन," माझा नवरा मला म्हणाला.

"मारेगावच्या आधीच डोळा लागला मले," अम्मी म्हणाली. "वणीलेच जाग आली. पोरीनं तरी कसं वळखावं, तोंड खिडकीकडं होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मला झाकत होती आणि मी झाकून घेत होते. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि विनाकारण कांदे चिरत बसले. डब्यातले गुलगुले मोजके होते. ती चाळीस करते, त्यातले बरेच कमी होते, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा उघडताना मॅडम म्हणाली, "काल ती चाची होती ना, पिशवीवाली. मी उगाच बोलले तिला. बिचारी फार चांगली निघाली."

मी भाकरीचा तुकडा मोडत होते.

"मला गुलगुले दिले बळेबळे. अख्ख्या जन्मात पहिल्यांदा एकटी निघाली होती म्हणे. किती खूश होती हो. आणि सारखी डोळे पुसत होती. मी म्हटलं, रडता कशाला? तर म्हणे धूळ गेली. मी विचारलं, चाची, वणीत कोण आहे तुमचं? कोणाकडे चाललात?"

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, वळखीचे लोकं हायेत."

त्या वेळी तरी मी सांगायला हवं होतं. मॅडमला वाईट वाटलं असतं, कदाचित रडलीही असती, आणि त्या दिवसापासून आमचं काही तरी नीट झालं असतं. मला हे दिसत होतं. मी तिच्या डब्यातली चटणी घेतली आणि म्हटलं, "छान झाली आहे." लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असंच असावं. कोरडा पाषाण चटणी खात बसला होता.

अम्मी आठ दिवस राहिली. परत जाताना म्हणाली, भावाले बोलाव. मी म्हटलं, मी यवतमाळपर्यंत येते ना, पुढे तू एकटी. "नाही," ती म्हणाली, "गुडघे दुखून राह्यले." प्रवासाच्या बाबतीत गुडघ्यांचं नाव तिनं पहिल्यांदा तेव्हा घेतलं. भाऊ आला. चहा पिताना तो मला हसत सांगत होता, "मी इचारलं होतं, संग कोण हाये? तं म्हणे, मारेगावपासून लेक हाये ना. मी म्हटलं, मंग ठीक हाये, जाय." अम्मी पिशवीची गाठ बांधत होती. तिनं ती गाठ सोडून पुन्हा बांधली.

त्याला आता सव्वा वर्ष झालं. अम्मी एकटी कुठे गेलेली नाही. भाऊ म्हणतो, बरं झालं, वय झालं तिचं. मोहल्ल्यातल्या बायका म्हणतात, सफरीचा गुनाह वाटला असेल. माझा नवरा म्हणतो, जमाना खराब आहे, तीच शहाणी. ज्यानं त्यानं आपापल्या चौकटीत खूण केली आहे आणि मीही प्रबंधवाल्या मुलीसमोर करून टाकली. खरं तर त्या बाईनं वाचता न येणाऱ्या पाट्या पार केल्या, तहान मारली, अठ्ठेचाळीस मैलांना वळसा घातला, कंडक्टरच्या शिव्या खाल्ल्या, गाडीभर माणसांशी भांडून एक जागा धरली. यातल्या कशानंही ती अडली नाही. ती अडली माझ्यापाशी.

फॉर्मवाली मुलगी येऊन गेल्यावर मला राहवलं नाही. रविवारी मी दारव्ह्याला गेले. यवतमाळच्या स्टँडवर त्या बाकाजवळ उभी राहून सवयीनं पिशवीतला बुरखा काढला, आणि हातात धरून बराच वेळ उभी राहिले. मग घातला. शेवटी मी तेच केलं जे नेहमी करते.

अम्मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिच्यासमोर पाट घेऊन बसले आणि शेंगा सोलू लागले. माफी मागायची असं ठरवून आले होते. वाक्यं पाठ केली होती. तोंडातून निघालं ते भलतंच.

"अम्मी, ये ना परत एकडाव," मी म्हटलं. "एकटी ये. मी हाओ ना."

तिनं दाणे सुपात टाकले. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. ती खरोखरच विचार करत होती, सोय पाहत होती. कोणत्या दिवशी आलेलं बरं, कोणत्या दिवशी मला जड जाणार नाही.

"येईन," ती म्हणाली. "पण इतवारी येईन. इतवारी तुह्या शाळेच्या बाया राहत नाहीत गाडीत."

मला म्हणायचं होतं, सोमवारी ये. साडेपाचच्याच गाडीनं ये, नकाब लावून ये, जागा धर. सगळं तोंडात तयार होतं. ती शेंग हातात धरून माझ्या उत्तराची वाट पाहत होती.

"बरं," मी म्हटलं.